भिंत पडली तरी शहर का पडत नाही? बादाखोसचा 1812 चा वेढा, सोप्या भाषेत

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि तेव्हापासून घरोघरी, ग्रुपवर, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर किल्ल्यांबद्दल खूप बोललं जातंय. आनंदच आहे. पण त्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो की तोफा आल्यावर किल्ल्यांना काय अर्थ उरला, भिंत फोडली की संपलं ना? बऱ्याच लोकांच्या डोक्यात वेढ्याचं चित्र असंच असतं, तोफा आणल्या, धडाधड गोळे मारले, भिंत पडली, सैन्य आत.

हे इतकं सोपं कधीच नव्हतं, आणि ते समजून घ्यायला मला युरोपातलं एक शहर सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. त्याच युनेस्कोच्या यादीत पोर्तुगालचं एल्वश नावाचं सरहद्दीवरचं तटबंदीचं शहर 2012 पासून आहे. तिथून गाडी काढली की साधारण वीस मिनिटांत सरहद्द ओलांडून तुम्ही स्पेनमधल्या बादाखोसला पोचता. ही गोष्ट त्या बादाखोसची. नेपोलियनच्या काळात एका वर्षात या शहराला इंग्रजांनी तीनदा वेढा घातला, दोनदा हात हलवत परत गेले, तिसऱ्यांदा शहर पडलं, पण ज्या पद्धतीने पडलं ते वाचून आजही पोटात गोळा येतो.

हे एक शहर सोडून पुढे जाता आलं नसतं का?

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. 1807 च्या शेवटी नेपोलियनच्या फौजा पोर्तुगालमध्ये घुसल्या, 1808 मध्ये स्पेनही त्याने गिळायला घेतलं, आणि पोर्तुगाल वाचवायला इंग्रजांची फौज उतरली. त्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ज्याला वेलिंग्टन म्हणायला लागले तो. हा माणूस आपल्याला नवा नाही, 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच हा. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पोर्तुगाल आणि स्पेनच्या मध्ये डोंगर आणि नद्या आहेत. मोठं सैन्य, बैलगाड्या, तोफा घेऊन जायला नीट वाटा दोनच. आपल्याकडे मुंबईहून घाटावर यायचं तर बोरघाट नाहीतर कसारा, तसंच. उत्तरेच्या वाटेवर सिउदाद रोद्रिगो हे शहर आणि दक्षिणेच्या वाटेवर ग्वादियाना नदीच्या काठावर बादाखोस. दोन्ही फ्रेंचांच्या ताब्यात होती.

आता समजा वेलिंग्टनने ठरवलं की जाऊ दे, वळसा घालून पुढे जाऊ. तर मागे काय राहिलं? पाच हजार सैनिकांची ताजी शिबंदी, जी रोज बाहेर पडून तुमच्या धान्याच्या गाड्या लुटणार, जखमींना पकडणार, पूल तोडणार. त्या काळची फौज म्हणजे एक चालतं फिरतं शहर असायचं, रोज हजारो माणसांची भाकरी आणि हजारो जनावरांचा चारा मागून येत असायचा. घाटाच्या तोंडावर शत्रूचं ठाणं ठेवून तुम्ही पुढे गेलात तर आठ दिवसांत उपाशी मराल. म्हणून सरहद्दीवरचं तटबंदीचं शहर हे दाराच्या कडीसारखं असतं. घर कितीही मोठं असू दे, कडी काढल्याशिवाय आत जाता येत नाही.

तोफांमुळे किल्ले संपले नाहीत, बदलले

जुने किल्ले उंच असायचे, कारण शत्रू शिडी लावून येणार. तोफा आल्यावर उंच भिंत म्हणजे मोठं टार्गेट झालं. मग युरोपातल्या लोकांनी भिंती बुटक्या आणि खूप जाड केल्या, मागे मातीचा भराव घातला, पुढे खोल खंदक खणला आणि खंदकाच्या बाहेर मैदानाकडे हळूहळू उतरत जाणारा मातीचा उतार केला. हा उतार फार हुशारीची गोष्ट आहे. लांबून बघणाऱ्याला त्या मातीच्या आडून भिंतीचा फक्त वरचा काठ दिसतो, दगडी भाग खंदकात लपलेला राहतो. म्हणजे तोफ कितीही ताकदीची असली तरी जे दिसतच नाही त्यावर मारणार काय? भिंतीचा पाया बघायचा असेल तर तोफ जवळ आणावी लागते, आणि जवळ आणायची म्हणजे तिथल्या तोफांच्या तोंडासमोरून आणायची.

दुसरा बदल बुरुजांचा. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक अशी जागा राहते जी कुठल्याच बाजूने दिसत नाही, सोसायटीत सीसीटीव्ही लावताना एक कोपरा सुटतो ना तसा. शत्रू तिथे येऊन बसला की भिंतीला सुरुंग लावायला मोकळा. म्हणून बुरूज बाणाच्या टोकासारखे केले, म्हणजे प्रत्येक बुरुजाच्या समोरची जागा शेजारच्या बुरुजावरून दिसायची आणि मारता यायची. वरून बघितलं तर सगळं शहर एखाद्या चांदणीसारखं दिसतं. एल्वश आजही तसं दिसतं.

बादाखोस यातलं अर्धं-अर्धं होतं. शहराभोवती नव्या पद्धतीचे टोकदार बुरूज, पण ईशान्येच्या कोपऱ्यात टेकडीवर मुसलमान राजवटीतला जुना गढीसारखा बालेकिल्ला, उंच भिंतींचा. हे लक्षात ठेवा, शेवटी हेच महत्त्वाचं ठरलं.

मग वेढा घालायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

खोदायचं. खरंच, वेढा म्हणजे नव्वद टक्के खोदकाम आणि दहा टक्के लढाई.

फ्रान्सचा व्होबाँ नावाचा इंजिनिअर सतराव्या शतकात होऊन गेला, त्याने याची पद्धतच बसवून दिली होती. रात्री अंधारात तटापासून काही अंतरावर, तटाला समांतर एक लांबलचक चर खणायचा. सकाळ होईपर्यंत माणूस आत लपेल एवढा खोल झाला पाहिजे. मग त्यातून तटाच्या दिशेने दुसरा चर काढायचा, पण सरळ नाही, नागमोडी. आपल्या घाटातला रस्ता चढ सोपा व्हावा म्हणून वळणं घेतो, इथे वळणं यासाठी की चर सरळ तटाकडे गेला तर तटावरून एकच गोळा टाकला की तो चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं कापत जाईल. बाजूला मातीने भरलेल्या वेताच्या मोठ्या टोपल्या रचायच्या, आडोसा म्हणून. असं करत जवळ जायचं, पुन्हा समांतर चर, पुन्हा नागमोडी, आणि मग तोफांचे मोर्चे बांधायचे. आपल्या बखरींत 'मोर्चे चालवले' असं येतं ते जवळपास हेच काम.

तोफा भिंतीवर वाटेल तिथे मारत नाहीत. आधी खालच्या बाजूला आडवी रेघ मारल्यासारखे गोळे मारत राहायचे, एकाच रेषेत, शेकडो. मग दोन्ही टोकांना उभ्या रेघा. झाड तोडताना आपण बुंध्याला खाच पाडतो तसं, वरचा सगळा भाग स्वतःच्याच वजनाने खाली सरकतो. आणि तो खंदकात पडला की त्याच दगडमातीचा चढ तयार होतो, ज्यावरून माणसं वर धावू शकतात. या भगदाडाला आपला जुना शब्द खिंडार. खिंडार चढता येण्यासारखं झालं की एल्गार.

व्होबाँच्या हिशोबाने एका चांगल्या किल्ल्याला हे सगळं रीतसर करायला 48 दिवस लागतात. हा 48 आकडा लक्षात ठेवा, कारण बादाखोसची सगळी शोकांतिका या आकड्यात आहे.

48 दिवस थांबायचं ना मग, किंवा उपाशी मारायचं

हा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता. सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं बाहेर, पाच हजार आत, घाई कसली?

घाई बाहेरच्या फ्रेंचांची. दक्षिणेला मार्शल सूल्तची फौज, उत्तरेला मार्शल मार्माँची. दोघं एकत्र आले तर वेलिंग्टनला पळावं लागलं असतं. हे काल्पनिक नव्हतं, 1811 मध्ये तसंच झालं होतं. मे महिन्यात पहिला वेढा पडला आणि सूल्त सोडवायला आला म्हणून उठवावा लागला, 16 मे ला जवळच्याच आल्बुएरा गावापाशी भयंकर लढाई झाली. लगेच दुसरा वेढा घातला, तेव्हा नदीपलीकडच्या सान क्रिस्तोबाल किल्ल्यावर 6 आणि 9 जूनला दोनदा हल्ले फसले आणि सूल्त-मार्माँ दोघंही चालून आले. त्या वेढ्यात वापरलेल्या तोफा एल्वशच्या तटावरून उतरवलेल्या, त्यातल्या काही तर सतराव्या शतकातल्या पितळी तोफा! जास्त मारल्या की तापून वाकड्या व्हायच्या.

म्हणजे वेढा घालणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी असतात, वेळ आणि माणसं. वेळ भरपूर असेल तर माणसं कमी मरतात, प्रत्येक टप्पा नीट करता येतो. वेळ कमी असेल तर टप्पे गाळावे लागतात, आणि गाळलेल्या प्रत्येक टप्प्याची किंमत शेवटच्या रात्री सैनिक भरतो. घर बांधताना पावसाळा तोंडावर आला म्हणून पाणी मारायचे दिवस कमी केले तर पुढे काय होतं ते बांधकामातल्या कुणालाही विचारा. इथे तडा भिंतीला नाही, माणसांना जाणार होता.

वीस दिवसांत काय काय झालं

1812 च्या जानेवारीत वेलिंग्टनने उत्तरेची कडी काढली, सिउदाद रोद्रिगो 8 ते 19 जानेवारी असं बारा दिवसांत घेतलं. मग गुपचूप सगळी फौज दक्षिणेला आणली आणि 16 मार्चला बादाखोस घेरलं. यावेळी 52 तोफा होत्या, पण त्यातल्या 18 रतली तोफा, म्हणजे 18 पौंडांचा गोळा टाकणाऱ्या, या रशियन बनावटीच्या होत्या आणि इंग्रजी गोळे त्यांच्या तोंडात नीट बसत नव्हते, निवडून निवडून घ्यावे लागत होते. मोठी 24 रतली तोफ एकेक अडीच टनांची. ती चिखलातून बैलांनी ओढायची.

आणि चिखल तर असा! 17 मार्चच्या रात्री सुमारे 1800 माणसांनी धो-धो पावसात खोदायला सुरुवात केली, आवाज पावसात दबला म्हणून तटावर पत्ता लागला नाही हे खरं, पण नंतर पाऊस थांबेचना. चरात कमरेएवढं पाणी, टाकलेली माती पुन्हा आत. ज्यांनी काळ्या रानात भर पावसात पाइपलाइनचा चर खणलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. नदीवरचा तरंगता पूलही 22 तारखेला पुरात वाहून गेला.

19 तारखेला आतले फ्रेंच अचानक बाहेर पडून चरांवर तुटून पडले. त्यांना माणसं मारण्यापेक्षा कुदळी-फावडी पळवायची होती, बक्षीस होतं म्हणे त्याला, आणि यावरूनच कळतं की वेढ्यात हत्यार कोणतं असतं. त्या झटापटीत मुख्य इंजिनिअर रिचर्ड फ्लेचरला गोळी लागली ती नेमकी खिशातल्या चांदीच्या नाण्यावर, नाणं जांघेत रुतलं, जीव वाचला. मग वेलिंग्टन रोज त्याच्या तंबूत जाऊन प्लॅन विचारायचा.

25 मार्चच्या रात्री पिकुरिना नावाची बाहेरची गढी घेतली. तिथे मोर्चे बांधून आग्नेय बाजूचे त्रिनिदाद आणि सान्ता मारिया हे दोन बुरूज फोडायला घेतले. तीस हजारांवर गोळे गेले या वेढ्यात. एप्रिलच्या पाच तारखेला दोन खिंडारं झाली, वेलिंग्टनने एक दिवस थांबून मधल्या भिंतीत तिसरं पाडायला लावलं. तोपर्यंत सूल्त दोन-तीन मजलांवर आला होता.

आता राहिलेले टप्पे बघा. खंदकाची बाहेरची बाजू पाडून उतरायला वाट करायला हवी होती, केली नाही. फ्रेंचांनी रिवियास ओढ्याला बांध घालून खंदकासमोर तळं केलं होतं, तो बांध उडवायचा प्रयत्न 2 एप्रिलला फसला, पुन्हा केला नाही. तटावरच्या बाजूच्या तोफा गप्प करायला हव्या होत्या, वेळ नव्हता. आणि ही कामं करणारी ट्रेनिंग घेतलेली माणसंच इंग्रजांकडे जवळपास नव्हती. साधे शिपाई कुदळी मारत होते आणि मोजके इंजिनिअर ऑफिसर स्वतः पुढे उभं राहून दाखवत होते आणि मरत होते. फ्रेंचांकडे मात्र सुरुंग आणि चर खणणाऱ्यांच्या स्वतंत्र कंपन्या होत्या. जगातलं सगळ्यात श्रीमंत आरमार बाळगणाऱ्या देशाने फावडं चालवणाऱ्यांवर पैसे वाचवले, याचा मला आजही राग येतो.

आतला माणूस काय करत होता?

आतला किल्लेदार आर्माँ फिलिपाँ. मागचे दोन्ही वेढे यानेच परतवले होते. शत्रू असला तरी या माणसाच्या कामाला दाद द्यावी लागते.

रोज रात्री तोफा थांबल्या की त्याची माणसं खिंडाराखालचा राडारोडा उपसायची, म्हणजे चढ पुन्हा उभा. खंदकाच्या तळात आणखी खोल चर खणून त्यात पाणी सोडलं. चढावर खिळे ठोकलेल्या फळ्या दोरीने टांगल्या, पाय पडला की माणूस सरकत खाली. दगडांत बॉम्बगोळे आणि दारूची पिंपं पेरली. आणि अगदी वर, खिंडाराच्या तोंडावर, जाड तुळयांमध्ये तलवारींची पाती रोवून त्या साखळीने बांधून आडव्या ठेवल्या. त्यामागे शिपाई, प्रत्येकाजवळ तीन-चार भरलेल्या बंदुका.

एल्गार आधी संध्याकाळी साडेसातला ठरला होता. तयारी झाली नाही म्हणून रात्री दहावर गेला. ही जी दोन-अडीच तासांची उसंत मिळाली त्यात फ्रेंचांनी तलवारींच्या तुळया जागेवर नेऊन बसवल्या. अडीच तास! पुन्हा तेच, वेळ.

6 एप्रिलची रात्र

सगळ्यात पुढे बिनीची तुकडी, आपण होऊन पुढे आलेली माणसं, यातला बहुतेक माणूस मरणार हे सगळ्यांना माहीत असायचं, जो ऑफिसर जगेल त्याला बढती. त्यांच्यामागे दोन डिव्हिजन, चौथी आणि लाइट. पोर्तुगीज पलटणीही खांद्याला खांदा लावून होत्या, हे इंग्रजी पुस्तकांत जरा कमी सांगतात.

खंदकात उड्या पडल्या आणि सुरुंग पेटले. पाणी किती खोल आहे हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण न लढताच बुडाले. उजेड फक्त स्फोटांचा, त्यात वाट चुकून माणसं भलत्याच अर्धवट बांधकामावर चढली आणि पुढे खिंडार नाही, पुन्हा खंदकच. दोन तासांत चाळीसच्या आसपास वेळा लहान-मोठ्या टोळ्यांनी खिंडारावर धाव घेतली. एकही माणूस त्या तलवारींच्या पलीकडे गेला नाही. एकही नाही.

म्हणजे वीस दिवस खणून, हजारो गोळे मारून पाडलेली भिंत कामालाच आली नाही? सरळ सांगायचं तर, नाही. खिंडार म्हणजे उघडा दरवाजा नसतो, शत्रूला आधीच कळलेली जागा असते. तुम्ही कुठून येणार हे आठ दिवस तोफांनी ओरडून सांगितलेलं असतं.

शहर पडलं ते दुसरीकडून. जनरल पिक्टनची तिसरी डिव्हिजन त्या जुन्या बालेकिल्ल्यावर शिड्या लावत होती, खरं तर शत्रूचं लक्ष ओढायला. शिड्या ढकलल्या जात होत्या, वरून दगड-ओंडके येत होते, पण फिलिपाँने चांगली माणसं खिंडारांकडे ठेवलेली असल्यामुळे तिथे राखण कमी होती. कर्नल रिज नावाच्या ऑफिसरने जरा बुटक्या जागी शिडी लावली आणि माणसं वर गेली, रिज स्वतः त्याच रात्री मारला गेला. सकाळ व्हायच्या आत लेफ्टनंट मॅकफर्सनने फ्रेंच निशाण उतरवून स्वतःचा लाल कोट काठीवर चढवला. दुसऱ्या टोकाला सान विसेन्ते बुरुजावरही पाचवी डिव्हिजन आखूड पडणाऱ्या शिड्या घेऊन चढली आणि रस्त्यांतून बिगुल वाजवत खिंडारांच्या मागे आली. फिलिपाँ नदीपलीकडे गेला आणि 7 तारखेला सकाळी त्याने शरणागती दिली.

गाविलगडावर हे आधीच घडलं होतं

इथे आपला धागा येतो. ऑगस्ट 1803 मध्ये याच वेलस्लीने अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) पेठ शिड्या लावून एका दिवसात घेतली, मग किल्ल्यावर मोर्चे लावले आणि किल्लेदाराने 12 ऑगस्टला बोलणी करून किल्ला खाली केला. आणि 15 डिसेंबर 1803 ला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. तिथे तोफा डोंगरातून ओढून नेऊन उत्तरेच्या बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, फौज आत घुसली, आणि पुढे आतला तट जसाच्या तसा उभा! शेवटी कॅप्टन कॅम्पबेलची कंपनी शिड्या घेऊन कड्यावरून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. बादाखोसच्या बालेकिल्ल्यावर चढणाऱ्यांत 74 वी हायलँडर पलटण होती, जी असईच्या मैदानात अर्ध्याहून जास्त कापली गेली होती.

काही अभ्यासक म्हणतात की हिंदुस्थानात शिड्यांनी काम पटकन झालं म्हणून वेलिंग्टनला रीतसर वेढ्याचा कंटाळा होता. मला ते अर्धंच पटतं. घाईचं मुख्य कारण सूल्त होता. पण शिडीवरचा विश्वास तो इथूनच घेऊन गेला असणार, हे नाकारता येत नाही.

फ्रेंचांनी आधीच शरण का नाही गेलं?

त्या काळी एक अलिखित नियम होता. चढता येण्यासारखं खिंडार पडलं की किल्लेदाराने बोलणी करावी, मग त्याला मानाने जाऊ द्यायचं. तरीही तो अडून बसला आणि एल्गार करावा लागला, तर आतल्या सैनिकांच्या जिवाची हमी संपली. कारण उघड आहे, एल्गारात घेणाऱ्याची माणसं हजारोंनी मरतात, ती वाचवायला ही भीती. पण नेपोलियनने आपल्या किल्लेदारांना सक्त बजावलं होतं की निदान एक एल्गार सोसल्याशिवाय किल्ला द्यायचा नाही. त्यामुळे फिलिपाँ अडला, आणि सैनिक म्हणून तो बरोबरच होता.

आता यातला सगळ्यात वाईट भाग. नियम काय म्हणतो, आतले सैनिक मारा. झालं काय? साडेतीन हजारांच्या आसपास फ्रेंच सैनिक जिवंत कैद झाले, नीट वागवले गेले, फिलिपाँ तर इंग्लंडमधून त्याच वर्षी पळूनही गेला. आणि तुटून पडले ते शहरातल्या स्पॅनिश लोकांवर, म्हणजे ज्यांना सोडवायला आले होते त्यांच्यावर! बरेच जण आधीच शहर सोडून गेले होते, उरलेल्यांत म्हातारे, बायका, मुलं, गरीब, ज्यांना जायला जागा नव्हती असे. साधारण तीन दिवस लूट, बलात्कार, खून चालले होते. दारूची कोठारं फोडली. थांबवायला गेलेल्या ऑफिसरांवरही बंदुका रोखल्या. शेवटी वेलिंग्टनने चौकात फाशीचे खांब उभे केले तेव्हा कुठे शांत झालं.

पण सैनिकांची अवस्था पण बघायला हवी ना?

हे बरेच लोक म्हणतात आणि त्यात तथ्य आहेच. वेढ्यात साडेचार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातली बहुतेक त्या एका रात्री. सकाळी खिंडाराखालचा ढीग बघून वेलिंग्टन, जो सहसा चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही, रडला. ऑफिसर एवढे मेले होते की कंपन्यांना आवरायलाच कोणी नव्हतं. शहरातले लोक फ्रेंचांना सामील आहेत अशी अफवा होती, आणि घेतलेलं शहर लुटायचा हक्क आहे असं शिपाई पिढ्यानपिढ्या समजत आला होता.

हे सगळं मान्य, पण ते कशामुळे झालं ते सांगतं, त्याने ते माफ होत नाही. वेलिंग्टनने बऱ्याच वर्षांनी, 1820 मध्ये, एका पत्रात असा विचार मांडला की सिउदाद रोद्रिगोच्या शिबंदीला जर कापून काढलं असतं तर बादाखोसवाले घाबरून शरण गेले असते आणि माझी माणसं वाचली असती. मला हा हिशोब अजिबात पटत नाही. रोद्रिगोलाही शहराची लूट झालीच होती, जानेवारीत. तेव्हा जे लुटणाऱ्यांना शिक्षा न करता सोडलं, तेच एप्रिलमध्ये दहापट होऊन समोर आलं.

त्या गोंधळात 7 एप्रिलच्या सुमारास दोन बहिणी इंग्रजांच्या छावणीत आश्रयाला आल्या, कानातली डुलं ओढून काढल्यामुळे कानातून रक्त वाहत होतं. धाकटी हुआना, वय 14. तिचं काही दिवसांतच हॅरी स्मिथ नावाच्या ऑफिसरशी लग्न झालं. दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ हे गाव तिच्या नावाचं. आणि हीच हुआना डिसेंबर 1843 मध्ये ग्वाल्हेरजवळ महाराजपूरच्या लढाईत हत्तीवर बसलेली असताना शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्यात सापडली होती. लोक याला प्रेमकथा म्हणून सांगतात, आणि संसार त्यांचा चांगला झाला हे खरंच आहे. मी मात्र दरवेळी वाचताना त्या कानांपाशीच अडतो.

पुढे काही सुधारलं का?

थोडंफार. शहर पडल्यावर लगेच वेलिंग्टनने लंडनला लिहिलं की मला खोदकाम शिकलेल्यांची स्वतंत्र पलटण द्या, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चॅटमला तशी शाळा निघाली, सॅपर्स आणि मायनर्सचं दळ उभं राहिलं. आपल्या सैन्यातही सॅपर हा शब्द चालतो, त्याचा मूळ अर्थ असा चर खणत तटाकडे जाणारा.

पण शाळेतून माणसं बाहेर पडायला वेळ लागतो. दोन्ही कड्या निघाल्यामुळे वेलिंग्टन स्पेनमध्ये खोलवर गेला, 22 जुलैला सालामांकाला मार्माँला हरवलं, ऑगस्टमध्ये माद्रिदला पोचला, आणि सप्टेंबरात बुर्गोसच्या किल्ल्यासमोर पुन्हा तीच चूक, भिंत फोडायला 18 रतली तोफा फक्त तीन. किल्ला पडला नाही, महिनाभराने उलट पोर्तुगालपर्यंत माघार घ्यावी लागली.

1813 च्या उन्हाळ्यात उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या वेढ्यात नवे सॅपर्स पहिल्यांदा उतरले. आधीचा एल्गार फसला, 31 ऑगस्टचा यशस्वी झाला. खिशातल्या नाण्याने वाचलेला तो फ्लेचर या दिवशी गोळी लागून गेला. आणि शहर? पुन्हा लूट, पुन्हा मित्रदेशाचेच नागरिक, आणि यावेळी आग लागून जवळपास सगळं शहर जळालं. मोजकी घरं उरली ती एका रस्त्यावर. त्या रस्त्याचं नावच आज '31 ऑगस्ट' आहे आणि दरवर्षी त्या तारखेला तिथले लोक मेणबत्त्या लावतात.